तुझ्या बाटल्या, माझं नाक

माणिक, तुला वास येत होता.

हे मला तुझ्या तेरवीच्या दिवशी कळलं. मागच्या अंगणात चुलीवर वड्यांची कढई चढवली होती, आचारी कुणाशी तरी फोनवर बोलत होता आणि तेल जळल्याचा वास घरभर पसरला. सुलोचना वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "हे असते तं आतापावतर वरडत मागं गेले असते. तेल जयालं का सगळ्यात आधी यायलेच वास ये."

मी पत्रावळींचा गठ्ठा घेऊन चाललो होतो, तो थांबलो. "त्या तापाच्या आधीचं म्हणता का, वहिनी?"

"आधीचं काऊन? ताप गेला अन् दोन-तीन मयन्यात नाक पयल्यावानी झालं त्यायचं. तुमाले नाई सांगितलं का, गुरुजी?"

नाही सांगितलंस. मी पत्रावळी मांडल्या, पाणी वाढलं, लोकांना आग्रह केला आणि घरी येऊन बायकोला, कमलला म्हणालो, "माणिकनं मला फसवलं." ती बिचारी तुझ्यासाठी रडून थकली होती. म्हणाली, "आता गेलेल्या मानसासंगं भांडता का?" पण मला भांडायचंय. तुझ्याशी भांडल्याशिवाय एवढे दिवस मी कधी काढलेत?

काय प्रकार होता बघ तो. मी पंचशील घेतलेला माणूस. जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही. नोकरीभर मराठी शाळेतल्या पोरांना व्यसनमुक्तीवर निबंध लिहायला लावले आणि ज्यांनी लिहिले नाहीत त्यांना उभं केलं. आणि निवृत्त झाल्यावर काय करत होतो? तर जोडून सुट्ट्या आल्या की तुझ्या ओसरीवर खुर्ची टाकून वाइनचे पेले हुंगत होतो. यातली कुठली शुक्रवारी वाढायची, कुठली शनिवारच्या मटणाबरोबर, आणि जेवणानंतरची गोड पोर्ट रविवारी काढायची की नाही, याचा निकाल मी देत होतो. कारण त्या तापानंतर तुझं नाक गेलं होतं. हैदराबादहून तुझा नितीन आणि सूनबाई सुट्टीला यायची होती, आणि आपल्या बाबांना वाइनमधलं सगळं कळतं अशी त्या पोराची पक्की समजूत होती. तू माझ्या दारात येऊन उभा राहिलास, गमछा खांद्यावरून काढून हातात घेतलास आणि म्हणालास, "मास्तर, एक काम होतं बे."

तू बँकेतून निवृत्त होऊन गावात राहायला आलास तेव्हापासून मला बोलवत होतास. रस्त्यात भेटलास की "ये ना बसायले", बेल्याच्या बाजारात दिसलास की "येजो बे संध्याकाळी." मी दर वेळी "येतो कधी" म्हणायचो आणि यायचो नाही. ते 'कधी' कधी उगवलंच नाही. मग तू काम घेऊन आलास, आणि दुसऱ्याच दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून तुझ्या ओसरीवर हजर.

नाशिककडच्या शाखेत असताना द्राक्षवाल्यांच्या संगतीत तुला हा नाद लागला. गावाला त्याचं फार हसू यायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळा गाव मटण आणि व्हिस्की घेऊन शेतात जायचा, आणि तू एकटा घरी बसून पेला उजेडात धरून त्याचा रंग बघायचास. "बँकेचे सायेब लाल सरबत पिऊन राह्यले," असं पोरं म्हणायची. तुला कशाचंच वाईट वाटायचं नाही. उलट त्या पोरांना बसवून सांगायचास की वाइन उघडली की दोन-तीन दिवसांत उतरते, पोर्टमध्ये ब्रँडी घातलेली असते म्हणून ती टिकते, आणि म्हणून पोर्ट निवडताना घाई करू नये, तिच्यासंगं जास्त दिवस काढावे लागतात. पोरं माना डोलवायची आणि शेतात निघून जायची.

पहिल्याच खेपेला तू मला आदिलाबादला नेलंस. आपल्याकडं दारूच्या प्रत्येक दुकानावर 'वाइन्स' असं लिहिलेलं असतं आणि आत वाइन सोडून सगळं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी फुटपाथवर उभा राहतो म्हणालो, तर तू हाताला धरून आत ओढलंस. काउंटरवरचा माणूस तुला म्हणाला, "वाइन? वो तो लेडीज लोगां पीते सार. ये लेव, अच्छी विस्की है." तू वरच्या फळीकडं बोट दाखवलंस. त्यानं नाराजीनं स्टूल आणलं, धूळ झटकली आणि तीन बाटल्या खाली उतरवल्या. तू एक परत दिलीस, खिडकीच्या उन्हात राहून बिघडली असेल म्हणून. मी पोर्टकडं बघून म्हणालो, ही खोकल्याच्या औषधाची बाटली दिसते. तू म्हणालास, "मंग हेच घेऊ. तुया मनात पयले हेच आली."

आणि नेमका तेव्हाच माझा जुना विद्यार्थी संतोष काउंटरवरून वळला. मला बघून त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. हातातली बिअरची बाटली त्यानं पाठीमागं लपवली आणि दुसऱ्या हातानं वाकून नमस्कार केला. "गुरुजी, मी... दुसऱ्यासाठी घेऊन राह्यलो." मला तर जमीन दुभंगावी असं झालेलं. तू शांतपणे म्हणालास, "काई हरकत नाई. गुरुजीबी दुसऱ्यासाठीच घेऊन राह्यले." परतीच्या बसमध्ये जैनथचा थांबा येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तू खिडकीकडं तोंड करून हसत होतास, तुझे खांदे हलत होते. मला ते दिसत होतं.

मग ते हुंगणं. पहिल्या दिवशी मी पेला नाकाशी नेला आणि म्हणालो, "दारूचा वास येतो."

"ते तं कोनीबी सांगन. त्याच्या मागं काय येते?"

"मागं म्हणजे?"

"पयला पाहुना आत आला का त्याच्या मागून त्याची बायको, लेकरं येतेत ना? तसं. थांब जरा, अन् पाहाय कोन कोन येऊन राह्यलं."

मी थांबलो. आणि खरंच, मागून जांभूळ आलं. झाडावरचं नाही, पोरांच्या दप्तरात चेंबलेलं, पुस्तकाला लागलेलं. मी ते तसंच सांगितलं. तू डोळे मिटून ऐकत होतास. "अजून?" म्हणालास. अजून अंबाडीची बोंडं होती, चुलीवर उकळताना येतात तशी. दुसऱ्या बाटलीला ओल्या ढेपेचा वास होता. मी म्हणालो, ही म्हशीपुढं ठेव. वहिनी आतून खळखळून हसल्या आणि ती बाटली तुम्ही मटणाच्या रश्श्यात ओतलीत. पोर्ट नाकाशी धरली आणि म्हणालो, कुणीतरी मोहाची फुलं अंगणात वाळत घातली आहेत आणि शेजारच्या घरात गूळ कढतोय. तू बराच वेळ डोळे उघडले नाहीस. मला वाटलं, तुला ते येत नाही म्हणून तुला वाईट वाटतंय. मला तुझी दया आली, माणिक. ती दया आता कुठं ठेवू ते सांग.

रात्रीच्या जेवणाला तू माझे शब्द जसेच्या तसे नितीनला ऐकवायचास. बाटलीवर इंग्रजीत चेरी आणि चॉकलेट लिहिलेलं असायचं, आणि तू म्हणायचास, दप्तरातलं जांभूळ. नितीननं ते शब्द फोनवर मित्रांना सांगितले. दुसऱ्या दिवशी हे सगळं तू मला येऊन सांगायचास आणि मी म्हणायचो, "त्यात काय एवढं." पण त्या दिवशी मी बाजारातसुद्धा जरा छाती काढून चालायचो.

आता सगळं आठवून बघतो तर ठिकठिकाणी तू उघडा पडलेला दिसतोस. मीच आंधळा. तो कापसाचा घोळच घे. तुझा कापूस घरातच भरून ठेवलेला, मधली खोली छतापर्यंत पांढरी. उन्हाळा तोंडावर आलेला. तू म्हणालास, नाशिकला बाटल्या तळघरात ठेवतात, आपल्याकडं तळघर नाही पण कापूस आहे, कापसात गार राहतील. एवढा बँकेचा साहेब, शेतकऱ्याच्या पोटचा, आणि विसरलास की दवात वेचलेला कापूस गंजीत तापतो. दिवाळीच्या सुट्टीतल्या उरलेल्या चार बाटल्या तू गंजीत खोल खुपसल्यास. होळीच्या जोडून आलेल्या सुट्टीला आपण त्या काढायला गेलो, तर तू दार ढकलायच्या आधीच गमछा नाकाला लावलास. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "कापसाची कुसं नाकात जातेत." आत हात घातला तर चुलीवरच्या भाकरीसारखं गरम. दोन बाटल्यांची बुचं उडालेली, अर्धी गंजी गुलाबी झालेली, आणि आंबलेल्या उसाचा वास खोलीत कोंडलेला. वहिनी कपाळाला हात लावून उभ्या. "आता हा गुलाबी कापूस कोन घेईन बाप्पा? याचा कोन्या नवरीचा शालू इनता का?" आपण तिघंही तिथंच, त्या कापसात बसून हसलो. बाहेर आलो तेव्हा अंगभर खाज सुटलेली होती. तुझ्या घरात मी इतका मोकळा हसलो ते फक्त त्या दिवशी.

कुसं म्हणे! ती कुसं नव्हती. दाराबाहेरच तुला वाइन आंबल्याचं कळलं होतं.

माझ्या व्रताची तू कधी थट्टा केली नाहीस, हे मात्र मी कबूल करतो. गावातल्या कितीतरी लोकांनी 'गुरुजी, एक घोट घेऊन पाहा' असं म्हणून मला छळलंय. तुझ्या तोंडून ते एकदाही आलं नाही, आणि पेला तर तूच माझ्या हातात देत होतास. उलट मीच घरी जाऊन नाक धुवायचो. कमल म्हणायची, "तुमी नाई पेत, पन तुमचं नाक रोज पिऊन येते." मी तिला समजावायचो, वास घेणं म्हणजे पिणं नव्हे. तुझा वाद वेगळा होता. तू विचारायचास, माणसानं मन ताब्यात ठेवलं तर एका पेल्यानं काय बिघडतं? मी म्हणायचो, मन ताब्यात आहे असं सांगणारे सगळे पहिल्या पेल्याच्या आधीच सांगतात. या संक्रांतीला हे बोललो तेव्हा तू पेला पुसता पुसता थांबलास. म्हणालास, "याचं उत्तर हाय मायाजवळ. उगादीले देतो." उगादीचा पाडवा अजून यायचा आहे. तुझ्याजवळ उत्तर नव्हतंच, मला खात्री आहे. तरीपण मला ते ऐकायचं होतं.

पण माझं खरं भांडण हे नाही. ते मला सरळ लिहिता येत नाही, म्हणून इतका वेळ बाटल्या मांडत बसलोय.

माझे बाबा तुमच्याकडं सालगडी होते. हे तुला मी सांगायची गरज नाही, पण आपण दोघं यावर कधी बोललो नाही. शाळेत आपण एका वर्गात बसलो, एका पुस्तकात वाचलं, नदीवर एकत्र पोहलो, आणि संध्याकाळी तू वाड्याकडं गेलास की मी आमच्या वस्तीकडं. बाबांबरोबर मी तुमच्याकडं यायचो तेव्हा तुझे वडील ओसरीवरूनच विचारायचे, "काय काम काढलं?" रागानं नव्हे. ते वाईट माणूस नव्हते. पण त्या प्रश्नाला उत्तर असावं लागायचं. एका दसऱ्याला बाबा नवं धोतर नेसून, हातात आपट्याची पानं घेऊन, मला बोटाला धरून तुमच्याकडं निघाले. सोनं द्यायचं, पाया पडायचं, एवढंच. तुझ्या वडलांनी विचारलं, काय काम काढलं? आणि बाबा म्हणाले, "बैलाचं दावं पाहाले आलो होतो." गोठ्यात गेले, चांगलं असलेलं दावं सोडलं, पुन्हा बांधलं आणि आम्ही परत आलो. पानं त्यांच्या मुठीतच होती. वाटेत त्यांनी ती मला दिली आणि म्हणाले, "त्या घरी बिनकामाचं नाई जायाचं, बेटा."

मी ते पाळलं. मास्तर झालो, तरी पाळलं. मतदारयादीचं काम, शाळेच्या वर्गणीचं काम, तुझ्या वडलांच्या पेन्शनच्या अर्जाचं काम. काम असलं की ताठ मानेनं यायचो, खुर्चीवर बसायचो, चहा घ्यायचो आणि काम झालं की उठायचो. तुझे वडील गेले, तू आलास, तरी माझे पाय ओसरीच्या पायरीशी येऊन तेच विचारायचे. तुला हे माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. आता कळलं. तुला ते दसऱ्याचं दावंसुद्धा आठवत असेल. तू तेव्हा दारातच उभा होतास.

तेरवीच्या रात्री मला झोप लागली नाही. पहिल्यांदा आला तो राग. एवढा राग मला तुझ्यावर शाळेतही कधी आला नव्हता. मनात म्हणालो, शेवटी तुझ्या घराला आम्हाला देण्यासारखं कामच सापडलं. बापाला नांगर दिला, पोराला पेला दिला. खोटं काम, ज्याची तुला काही गरज नव्हती. मी मनापासून हुंगत होतो, शब्द शोधत होतो, चुकू नये म्हणून नाक धुऊन यायचो, सर्दी झाली तर काढा प्यायचो, आणि तू समोर बसून तेच वास स्वतःच्या नाकानं घेत होतास. इतका मूर्ख मला कुणी बनवलं नव्हतं.

हा राग टिकला असता तर बरं झालं असतं, इतकं जड गेलं नसतं. पण सकाळी अंगण झाडताना मला तुझी ओसरी दिसायला लागली. खुर्ची एकच, आणि ती माझ्यासाठी. तू पायरीवर. बाटली उघडणार तू, ओतणार तू, पेला विसळून पुसून माझ्या हातात देणार तू, आणि मी काय म्हणतो याची वाट बघत मान वर करून बसणार तू. मी 'ही नको' म्हटलं की मुकाट्यानं बाजूला ठेवणार. तुमच्या घरानं असं काम आधी कुणाला दिलं नव्हतं, माणिक. आणि तू नुसतं 'ये बसायले' म्हणाला असतास तर मी आलो असतो का? कितीदा म्हणालास की! मी आलो नाही. तू माझ्याशी खोटं बोललास, कारण खऱ्याला मी दारातच उभं करत होतो. हे मला पटतं.

आणि मीही काही कमी नव्हतो. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. नवं कॅलेंडर आलं की मी पहिल्यांदा जोडून सुट्ट्या बघायचो. शुक्रवारी किंवा सोमवारी सण आला की मला आनंद व्हायचा, निवृत्त माणसाला सुट्टीचं काय कौतुक असायला हवं? वाटेनं जाताना मी झाडांचे, गोठ्याचे, भिजलेल्या गोणपाटाचे वास घ्यायला लागलो होतो, तुला सांगायला कामी येतील म्हणून. आणि तुझ्याकडं आलो की कपाळाला आठी घालून म्हणायचो, "चल, उरक लवकर, मला बाकीची कामं आहेत." कसली कामं? घरी जाऊन मी पेपर वाचायचो, तोही सकाळी वाचून झालेला. तू वास येत नसल्याचं सोंग करत होतास आणि मी यायची इच्छा नसल्याचं. दोघंही पक्के नाटकी निघालो. तुझं सोंग निदान माझ्यासाठी होतं.

संक्रांत मला सगळ्यात जास्त छळते. सुट्ट्या जोडून आल्या होत्या, नितीननं हैदराबादहून दोन लाल वाइन आणि एक पोर्ट आणली होती. लाल वाइन आपण ठरवल्या. पोर्टवर आपलं जमेना. मी म्हणालो, आजच वाढ, छान आहे, सुकवलेल्या बोरांचा वास येतोय, संक्रांतीला शोभेल. तू म्हणालास, नाही, ही उगादीसाठी ठेवू, कडुनिंबाच्या चटणीनंतर गोड बरं लागेल. मी नेहमीसारखा उठलो. तू म्हणालास, "आज थांब ना बे. जेवून जाय. तिळाची पोयी केली हाय तुया वहिनीनं. नितीनबी विचारून राह्यला."

मी म्हणालो, "पोरं आली आहेत, घरच्या माणसांत मी कशाला?"

तू हातातला पेला पुसत राहिलास, तो कधीचाच कोरडा झाला होता. मग म्हणालास, "बरं. उगादीले येजो मंग." मी हो म्हणालो आणि निघालो. वळणापर्यंत तू सोबत आलास, नेहमीसारखा, कापसाच्या वेचणीबद्दल काहीतरी बोलत. मी तुझ्या तोंडाकडं पाहिलंही नाही. त्यानंतर तू मला दिसलास तो पांढऱ्या चादरीखाली.

'घरच्या माणसांत मी कशाला' हे मी म्हणायला नको होतं. त्या एका वाक्याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं दुसऱ्या कशाचं वाटत नाही. तीन-चार वर्षं तू मला त्या घरचा करत होतास, आणि मी काम संपलं म्हणून उठत होतो. पोळी तरी खायला हवी होती. जेवताना नितीनला दप्तरातल्या जांभळाची गोष्ट सांगताना तुझा चेहरा कसा दिसतो, ते मला एकदा तरी बघायला मिळालं असतं.

तेरवीनंतर वहिनींनी निरोप पाठवला होता, "शनवारी येत जा, गुरुजी." ती पोर्ट तशीच बूच लावून ठेवलेली आहे, नितीन सुट्टी वाढवून इथंच आहे, तिचं काय करायचं ते त्याचं तो बघेल. मला त्यात पडायचं नव्हतं. पहिल्या शनिवारी मी गेलो नाही. कपाटातून शाळेची जुनी कागदपत्रं काढली, वारसनोंदीसाठी वहिनींना तहसिलीत मदत लागेल, ते विचारायला जावं असं ठरवलं, आणि पिशवीत कागद भरता भरता मला माझीच लाज वाटली. पिशवी परत ठेवली. दुसरा शनिवारही तसाच गेला.

काल गेलो. हातात काही नव्हतं, खिशातसुद्धा चष्मा सोडून काही नव्हतं. पायरीशी पाय अडखळले, पण चढलो. वहिनी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली. मी पायरीवरच बसलो आणि सुपातल्या शेंगा घेऊन सोलायला लागलो. थोडं तुझ्याबद्दल बोललो, थोडं पावसाबद्दल, मग बोलायचं संपलं. वहिनींचा हात थांबला. बघतो तर भिंतीला डोकं टेकून त्यांना झोप लागली होती. नितीन आतून आला, हळूच म्हणाला, "काका, बाबा गेल्यापासून आई अशी झोपली नव्हती. उठू नका." त्यानं आत जाऊन फोन बंद केला.

मी उठलो नाही. शेंगा संपल्या, तरी उठलो नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, गडी बैल घेऊन आला, त्यानं मला रामराम केला आणि मी बोटानं त्याला गप्प राहायला सांगितलं. करायला काही म्हणजे काहीच नव्हतं. वहिनींना जाग आली तेव्हा अंधार पडला होता आणि त्या ओशाळून म्हणाल्या, "अगं बाई, तुमी अजून बसून राह्यले का?"

हो, बसून राहिलो. तू असताना इतका कधी बसलो नाही, माणिक.